चौऱ्याण्णव सेकंद

दालन रिकामं व्हायला चौऱ्याण्णव सेकंद लागतील, असं ‘पडछाया’ने सांगितलं होतं. पंच्याण्णव नाही, त्र्याण्णव नाही. आणि पडछायेचा शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ, हे एव्हाना सगळ्यांनी मान्य केलं होतं.

शाल्मली लांजेवार त्या दालनाच्या मधोमध मान वर करून उभी होती. छताखालून गरम हवा बाहेर पडावी म्हणून उंचावर झरोके ठेवले होते. ते झरोके तिने स्वतः आखले होते. भंडारा जिल्ह्यातल्या तुमखेडी गावच्या निवासी शाळेचं हे नवं भोजनगृह. दोनशे अडतीस मुलं इथे जेवणार होती, प्रार्थना म्हणणार होती, परीक्षेला बसणार होती. उद्घाटनाला बारा दिवस उरले होते. आज मुलांना पहिल्यांदा इथे जेवायला बसवून बघायचं, म्हणून ती नागपूरहून सकाळच्या बसने आली होती.

शाल्मली सव्वीस वर्षांची. सकाळी कॉलेजात वास्तुकलेचं पदव्युत्तर शिक्षण घ्यायचं आणि दुपारनंतर हरकरे सरांच्या ऑफिसात काम करायचं, असा तिचा दोन वर्षांचा नेम. नव्या कायद्यानुसार नुसती पदवी मिळून कुणी वास्तुविशारद होत नसे. नोंदणी झालेल्या वास्तुविशारदाच्या हाताखाली दोन वर्षं काढायची, रोज केलेलं काम अनुभववहीत लिहायचं, त्याखाली त्यांची सही घ्यायची, आणि मग वास्तुकला परिषदेच्या परीक्षेला बसायचं. तिची दोन वर्षं भरायला सव्वीस दिवस होते. प्रबंध छापून तयार होता. प्रबंधाचा विषय होता पडछाया.

ही पडछाया काय करते, ते गावातल्या लोकांना सांगताना शाल्मली मुंग्यांचं उदाहरण द्यायची. एकट्या मुंगीला वारुळाचा नकाशा ठाऊक नसतो. पुढची थांबली की थांबायचं, वास आला तिकडे वळायचं, एवढंच तिला कळतं. पण अशा हजार मुंग्या एकत्र सोडा, की वारूळ आपोआप चालतं. पडछायेतली छायामाणसं तशीच. अजून न बांधलेली इमारत यंत्रात उभी करायची आणि तिच्यात ही छायामाणसं सोडायची. प्रत्येकाला वय, उंची, चालण्याचा वेग, घाई, भीती आणि सवयी दिलेल्या. ती जेवतात, रेंगाळतात, दाराशी एकमेकांना अडतात, आग लागली की पळतात. तीस वर्षांचं राहणं यंत्र एका दुपारी राहून घेतं आणि इमारत कुठे चुकली ते सांगतं. माणसांनी इमारतीत राहून, ठेचा खाऊन जे शिकायचं, ते इमारत होण्याआधीच कळू लागलं. मग सरकारनेही नियम सैल केले. पूर्वी एवढ्या मोठ्या दालनाला दोन दारं सक्तीची होती. आता पडछायेचा दाखला असला की एकही चाले.

पण या छायामाणसांना सवयी कुठून शिकवायच्या? त्यासाठी असे ‘ओळखपाठ’. खऱ्या जागी आठ दिवस कॅमेरे लावायचे. चेहरे पुसून टाकायचे, फक्त हालचाली ठेवायच्या. माणसं कशी वळतात, कुठे थांबतात, कुणामागे कोण जातं, यावरून यंत्र आपले नियम काढतं. ज्या मुलाने गाय फक्त चित्रात पाहिली आहे, त्याला गोठ्याचा वास माहीत नसतो. यंत्राचंही तसंच आहे. जे दिसलं नाही, ते त्याच्यासाठी नसतंच.

तुमखेडीचा ओळखपाठ शाल्मलीने घेतला होता. विदर्भातल्या निवासी शाळेचा तो पहिलाच. ‘इतका स्वच्छ ओळखपाठ आजवर पाहिला नाही,’ असा शेरा त्याला मिळाला होता.

घंटा झाली. जुन्या टिनाच्या शेडकडून मुलांची रांग आली. सगळ्यात पुढे मैनाबाई, हातात वरणाची बादली. मैनाबाई गेली एकोणीस वर्षं या शाळेत स्वयंपाक करत होत्या.

“काय वं बाई, हे दालन हाये का सिनेमाचं थेटर?” त्या दारातूनच ओरडल्या. “आवाज तं पाहा कसा घुमून राहिला! आता पोरायवर रागावलं तं दोनदा रागावल्यासारखं होईन.”

शाल्मली हसली. आणि हसता हसताच तिची नजर दाराकडे गेली.

पहिली मुलगी दाराशी थांबली. वाकली. पायातल्या चपला काढून भिंतीशी लावल्या आणि आत आली. दुसरी थांबली, वाकली. तिसरा, चौथा. पाचव्याला जागा मिळाली नाही म्हणून त्याने चपला पहिलीच्या चपलांवर ठेवल्या. कुणी सांगितलं नव्हतं, कुणी सांगायची गरजही नव्हती. जेवायच्या जागी चपला घालून कोण जातं? दोनशे अडतीस मुलं आत यायला अकरा मिनिटं लागली. सगळी बसली तेव्हा दाराबाहेरच्या अरुंद ओट्यावर, तीन पायऱ्यांवर आणि उंबऱ्याशी चपलांचा गुडघाभर ढीग होता.

वास्तुविशारदांना एक खोड असते. ती पहिल्या वर्षालाच लागते. इमारतीचा फोटो काढायचा तर आधी माणसाच्या राहण्याच्या खुणा आवरायच्या. दोरीवरचे कपडे उतरवा, बादली हलवा, झाडू दाराआड ठेवा, चपला उचला. मग भिंत कशी स्वच्छ दिसते, दाराची रेघ कशी सरळ उठते! दोन वर्षांपूर्वी जुन्या शाळेत कॅमेरे लावताना शाल्मलीने तेच केलं होतं. “मावशी, एवढे आठ दिवस पोरांना चपला खोलीतच ठेवून यायला सांगाल का? चित्र छान येईल,” असं तिने मैनाबाईंना म्हटलं होतं. मुलं आठ दिवस अनवाणी जेवायला आली. शेवटच्या दिवशी तिने सगळ्यांना लिमलेटच्या गोळ्या वाटल्या होत्या.

यंत्राने आठ दिवस पाहिलं आणि शिकून घेतलं, की इथली मुलं दाराशी थांबत नाहीत.

“मावशी,” ती मैनाबाईंच्या कानाशी जाऊन म्हणाली, “जेवणं झाली की थाळी वाजवा. जोरात. आणि आग लागली म्हणून ओरडा.”

“काऊन वं? भलतंच बोलून राहिली! नव्या वास्तूत असं अभद्र बोलतेत का?”

“खेळ समजा. पण मला बघायचंय.”

मैनाबाईंनी तिच्या चेहऱ्याकडे पाहिलं. जेवणं झाल्यावर त्यांनी परातीवर झारा हाणला. “पळा रे पोरंहो! जाळ लागला, पळा!”

शाल्मलीने घड्याळ सुरू केलं. मुलं हसत, किंचाळत उठली. पहिली पंधरा-वीस धडाधड बाहेर पडली आणि ओट्यावर थांबली. वाकली. आपापल्या चपला शोधू लागली. मागच्यांनी त्यांना ढकललं. त्यांनी मागच्यांना कोपरानं मागे रेटलं. “अबे माही हाये ते!” “सोड ना!” मधल्यांचे पाय ढिगात रुतले. हसणं थांबलं. चौऱ्याण्णव सेकंद झाले तेव्हा बाहेर फक्त चौतीस मुलं होती, आणि ती चौतीसही पायरीवरून हलत नव्हती.

दालन रिकामं व्हायला चार मिनिटं अकरा सेकंद लागले. चौथीतली रोशनी ढिगावरून पडली. तिच्या अंगावरून दोघं गेली. ओठ फाटला होता, कोपर सोललं होतं. मैनाबाईंनी तिला मांडीवर घेऊन पदराने रक्त टिपलं.

“मावशींनी सांगितलं होतं ना, पळा,” शाल्मली मुलांना म्हणाली. “मग थांबलात कशाला?”

उत्तर मैनाबाईंनी दिलं. “वर्षातून एकच जोड भेटते त्यायले. हरवली तं अख्खा उन्हाळा अनवाणी. बाहेर भुई पाहिली का कशी तापते? काटे अलग. जाळ असो का वाघ असो बाई, पोरगं आपली चप्पल पाहिनच.”

दुसऱ्या दिवशी दुपारी ती हरकरे सरांसमोर उभी राहिली. अविनाश हरकरे एकसष्ट वर्षांचे. ऑफिसात सगळे पडद्यावर काम करत, पण सरांच्या टेबलावर अजून पेन्सिली असत आणि त्या ते ब्लेडने तासत. शाल्मलीला पेन्सिल तासायला त्यांनीच शिकवलं होतं. वडील गेल्यावर ती कॉलेज सोडायला निघाली होती, तेव्हा तिला या ऑफिसात बोलावून घेणारेही तेच.

“बस. आधी पाणी पी,” ते म्हणाले. तिने सगळं सांगितलं.

“आणखी कुणाला सांगितलंस?”

“अजून नाही.”

त्यांनी पडछाया उघडली आणि नवी सवय स्वतःच भरली. दाराशी थांबणं, वाकणं, परतताना शोधणं. पडद्यावरची करडी छायामुलं पुन्हा एकदा धावली आणि दाराशी तुंबली. दोनशे त्रेसष्ट सेकंद. कडेला लाल पट्टी आली. खाली यंत्राने दोन उपाय दिले होते. पहिला, पूर्वेच्या भिंतीत दुसरं दार. दुसरा, वापरणाऱ्यांच्या सवयीत बदल.

“पूर्वेला आता धान्यकोठी आहे आणि तिच्यावर पाण्याची टाकी,” सर म्हणाले. “तिथे भिंत फोडायची म्हणजे अर्धी इमारत उतरवायची.” त्यांनी दुसऱ्या उपायावर बोट ठेवलं. छायामुलं चपला घालूनच आत आली, चपला घालूनच जेवली, चपला घालूनच पळाली. शहाण्णव सेकंद. पट्टी हिरवी झाली.

“झालं हिरवं. दारावर पाटी लावायची, मुख्याध्यापकांना पत्र द्यायचं. संपलं.”

“पण सर, मुलं खरंच तशी वागतील का?”

“मुलं महिन्याभरात काहीही शिकतात. तू पेन्सिल किती दिवसांत धरायला शिकलीस?”

“मला पेन्सिल तुम्ही धरायला शिकवलीत सर. ही त्यांना त्यांच्या आईने शिकवलेली गोष्ट आहे.”

सरांनी पडदा मिटवला. “हे बघ शाल्मली, मी तुला भीती घालत नाही, जे होईल ते सांगतोय. ओळखपाठात ढवळाढवळ झाली, असं लिहून दिलंस की परिषद तुझी दोन वर्षं शून्य करेल. प्रबंध जाईल. माझी नोंदणी चौकशीत अडकेल, ते सोड, माझं काय राहिलंय आता. पण इमारतीला कुलूप लागेल. ती पोरं पुन्हा त्या टिनाच्या भट्टीत जेवतील. का, तर आपल्याला एक पाटी लावायची लाज वाटली म्हणून? पस्तीस वर्षांत मी एकच शिकलोय बाई. मोडण्याआधी दहा वेळा विचार करावा.”

ते खोटं बोलत नव्हते. पाटीचा मजकूर तिनेच लिहिला: ‘पादत्राणे घालूनच आत यावे.’ त्या दिवशीच्या अनुभववहीत सरांनी सही केली आणि दोघांनी एकमेकांकडे पाहायचं टाळलं.

चार दिवसांनी ती पुन्हा तुमखेडीला गेली. पाटी लागली होती, निळ्यावर पांढरी, सुबक. मुख्याध्यापकांनी नियम वाचून दाखवला होता आणि मुलं नियम पाळत होती. चपला घालून रांगेने आत येत होती. कुणी थांबत नव्हतं, कुणी वाकत नव्हतं. आतली हालचाल थेट पडद्यावरच्या करड्या मुलांसारखी दिसत होती. शाल्मलीला क्षणभर हायसं वाटलं.

मग मुलं पंगतीत बसली. बसता बसता एकेकाने हळूच चपला काढल्या. पण आता ठेवणार कुठे? काहींनी मांडीखाली घेतल्या, काहींनी शर्टात खोचल्या, काहींनी पाठीमागे लपवल्या. धाकटी पोरं डाव्या हाताने चपला धरून उजव्या हाताने जेवू लागली. रोशनी ताट पुढे घेऊन नुसतीच बसली होती. ओठाची सूज उतरली होती.

“जेवत का नाहीस गं?” शाल्मलीने विचारलं.

“नाही जात मॅडम,” ती म्हणाली. “अन्नाले राग येते.”

मैनाबाई वाढपाचं पळी-पातेलं घेऊन दाराबाहेरच उभ्या होत्या. त्यांनी आत पाऊल टाकलं नव्हतं.

“मावशी, तुम्ही आत नाही आलात?”

“चपला घालून मी आजवर चुलीपाशी गेली नाही, आता पंगतीत जाऊ का? अन् अनवाणी आली तं तुह्या पाटीच्या विरोधात होते.” त्यांनी पळी पातेल्यात ठेवली. “एक विचारू का? तवा तुनं चपला खोलीत ठेवाले लावल्या, म्हणून तुमच्या मशीनीले पोरं दिसली नाहीत, हे खरं ना?”

“हो.”

“मंग मशीन दुरुस्त करा ना वं बाई. पोरायले कायले दुरुस्त करून राहिले?”

शाल्मलीने दारावरची पाटी उतरवली. त्या दिवशी मुलं बाहेरच्या कडुनिंबाखाली जेवली, आणि ती तिथूनच नागपूरची बस पकडून थेट कॉलेजात गेली.

वसुधा टेंभेकर मॅडम तिच्या प्रबंधाच्या मार्गदर्शक. तोंडी परीक्षेला सहा दिवस होते. शाल्मली बोलत होती तेव्हा मॅडमनी चष्मा काढून हातात धरला होता. संपल्यावर त्या रागावतील असं तिला वाटलं. त्या रागावल्या नाहीत.

“फाइल कुठे आहे?” त्यांनी विचारलं.

“कुठली?”

“ओळखपाठाची. संग्रहात टाकली होतीस ना?”

टाकली होती. तसा नियमच होता. चांगला ओळखपाठ पुण्याच्या मध्यवर्ती संग्रहात जायचा, म्हणजे पुढच्या माणसाला आठ दिवस कॅमेरे लावून बसायला नको. शेजारच्या जिल्ह्यात तशीच शाळा बांधायची असेल, तर यंत्र संग्रहातून सगळ्यात जवळचा आणि सगळ्यात स्वच्छ पाठ आपणच उचलायचं. शाल्मलीला याचा अभिमान होता. प्रबंधाच्या शेवटच्या पानावर तिने तसं लिहिलंही होतं.

मॅडमनी नोंद उघडली आणि पडदा तिच्याकडे वळवला.

सदतीस. तुमखेडीच्या मुलांच्या आठ अनवाणी दिवसांवरून सदतीस निवासी शाळांची भोजनगृहं तपासली गेली होती. भंडारा, गोंदिया, गडचिरोली, चंद्रपूर, अगदी पलीकडे मेळघाटापर्यंत. सदतिसांतल्या नऊ इमारतींत मुलं जेवायलाही बसू लागली होती. बहुतेकांची दुसरी दारं कागदावरच पुसली गेली होती.

शाल्मली यादी खालपर्यंत वाचत गेली.

“आमच्या वेळी,” मॅडम सावकाश म्हणाल्या, “वास्तुविशारद चुकला तर एक इमारत चुकायची. फार तर दोन. तोही तिथून येता-जाता रोज शरमायचा. तू एका सकाळी चपला उचलल्यास, एवढंच.” त्यांनी चष्मा पुन्हा लावला. “प्रबंध मागे घ्यावा लागेल. तुला कळतंय ना?”

“हो मॅडम.”

“आणि परिषदेला पत्र. मी सोबत मार्गदर्शक म्हणून सही करते. मीही कधी विचारलं नव्हतं, की चित्र इतकं स्वच्छ कसं.”

पत्र पाठवण्याआधी ती हरकरे सरांकडे गेली. ते टेबलाशी उभे राहून पेन्सिल तासत होते. तिने पत्र आणि सदतीस नावांची यादी समोर ठेवली. यादी वाचताना त्यांच्या हातातलं ब्लेड थांबलं. तीन कामं त्यांच्याच ऑफिसातली होती.

“यांनाही तोच पाठ लागलाय, हे मला ठाऊक नव्हतं,” ते म्हणाले. मग त्यांनी पत्र घडी करून तिच्या हातात परत दिलं. “पाठव. पण माझ्या टेबलावरून नको पाठवू.”

“सर...”

“तुझ्यावर राग नाही गं. पण सकाळी तुझं तोंड बघितलं की मला त्या पाटीची आठवण येईल. तू जा.”

तिने अनुभववही पिशवीत टाकली आणि निघाली. जिन्यात तिला रडू आलं. ते वहीसाठी होतं की सरांसाठी, हे तिलाही सांगता आलं नसतं.

परिषदेने चौथ्या दिवशी उत्तर दिलं. तिचा अनुभवकाळ रद्द. ओळखपाठ संग्रहातून काढला. तुमखेडीच्या दालनाच्या वापरावर बंदी. बाकी छत्तीस इमारतींसाठी समिती नेमली, समिती नव्वद दिवसांत प्रत्येक संस्थेला लेखी कळवेल.

त्याच सकाळी मैनाबाईंचा फोन आला. कुलूप लावायला माणसं आली होती.

“म्हणजे आता पुन्हा टिनातच का?”

“हो मावशी. दुसरं दार होईपर्यंत. वर्ष तरी जाईल.”

“मले वाटलं तू दार काढून देशीन,” मैनाबाई म्हणाल्या. “तुनं तं कुलूप आणलं.”

फोन ठेवल्यावर ती खोलीत इकडून तिकडे फिरत राहिली. नव्वद दिवस. म्हणजे नऊ शाळांतल्या मुलांची दोन वेळची जेवणं, नव्वद दिवस. समितीचं पत्र संस्थेकडे जाईल, संस्थेकडून शाळेकडे, शाळेत शिपायाकडे. आणि चूल, गॅस, गवताच्या गंज्या, दिव्यांच्या तारा, त्यांना काही पत्राची वाट बघायची नसते.

तिने यादीतून मुलं जेवत होती ती नऊ नावं वेगळी काढली आणि पहिल्या नावाचा नंबर लावला. कोसमटोला, निवासी शाळा. साडेअकरा वाजले होते.

“हां, बोला!” मुख्याध्यापकांचा आवाज मोकळा, प्रसन्न होता. पाठीमागे मुलांचा गलका आणि ताटांचा खणखणाट.

“सर, तुमच्या नव्या भोजनगृहाबद्दल विचारायचं होतं. मुलं किती आहेत?”

“तीनशे बारा. पण मॅडम, जागा कशी ऐसपैस झाली म्हणता! येऊन बघा एकदा.”

“दार एकच आहे?”

“एकच. सागवानी हाये. गावातले लोक फोटो काढायला येतात.”

“मुलं दाराशी चपला काढतात का?”

मुख्याध्यापक हसले. “काढतात म्हणजे? अहो, आमच्या पोरांची शिस्त बघाल तर खूश व्हाल. एकही चप्पल आत नाही दिसणार. सगळ्या दारासमोर. आताच बसताहेत जेवायला.”

“सर,” शाल्मली म्हणाली, “आजचं जेवण बाहेर वाढाल का? उद्याचंही. मी तिकडे येईपर्यंत रोज.”

“बाहेर? एवढ्या उन्हात? का बरं?” आवाजातली प्रसन्नता ओसरली. “कोण बोलता तुम्ही? परिषदेतून का?”

“नाही.”

“मग कॉलेजातून? कुठल्या ऑफिसातून?”

गेली दोन वर्षं या प्रश्नाला तिच्याकडे दोन उत्तरं होती. तिने नुसतं नाव सांगितलं.

“मी शाल्मली लांजेवार. तुमच्या दालनाला एक दार पुरेल, असं ज्या पाहणीवरून ठरलं, ती मी केली होती. ती चुकीची होती सर. मुलं घाबरून एकदम उठली, तर त्या दारातून निघणार नाहीत.”

पलीकडे ताटं वाजत होती. कुणीतरी लहान मूल मीठ मागत होतं. यादीत खाली आणखी आठ नावं होती, आणि शाल्मली पेन धरून थांबली होती.

मग फोन तोंडापासून दूर गेल्यासारखा मुख्याध्यापकांचा आवाज आला. तो तिच्यासाठी नव्हता.

“अरे ए, थांबवा रे वाढणं. पोरांना एकेक करून बाहेर आणा. हळू. एकेक करून.”